आईचा उजवा हात

पिंपळगाव बसवंत, जि. नाशिक
९ डिसेंबर २०२४

चि. चैताली हिस,
अण्णांचे अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार सांग. झाशीला थंडी जोरात असेल. सातवा महिना आहे, कानाला रुमाल बांधत जा. इकडे द्राक्षाच्या घडांची विरळणी चालू आहे. माल बरा आहे.

काल फोनवर तू रडलीस. "आईला मी बाळंतपणाला आलेली नकोय का? फोनवर येतच नाही ती," म्हणालीस. आई मळ्यात आहे, हे मी तुला किती दिवस सांगायचं? फोनवर काही बोलायचं नाही असं तिनं मला बजावलंय. लिहायचं नाही असं म्हणाली नाही, म्हणून लिहितो. आधी एवढं ऐक : ती बरी आहे. आता खाली बस आणि पुढचं वाच.

नारळी पौर्णिमेनंतर नाशिकला तिचं ऑपरेशन झालं. जिभेच्या कडेला कॅन्सरची जखम होती. जिभेचा थोडा भाग काढला, मानेतल्या गाठी काढल्या. लवकर सापडलं, रिपोर्ट चांगले आहेत. बोलणं मात्र जड झालंय. आवाज ऐकून तू घाबरशील, अशा दिवसांत ते नको, असं तिचं म्हणणं.

पण खरं सांगायचंय ते खांद्याचं. गाठी काढताना मानेतली नस दुखावली आणि उजवा खांदा खाली उतरला. हात छातीच्या वर जाईना. तिची वेणी मी घालायचो, तेव्हा ती आरशात बघायची नाही.

व्यायाम शिकवणाऱ्या संध्या मॅडम म्हणाल्या, "नस जागी व्हायला महिने लागतात. तोवर सांधा आखडू द्यायचा नाही. हात कशासाठी वर हवाय, काकू?" मला वाटलं, मळा म्हणेल. द्राक्षाच्या मांडवाखाली हात वर करूनच तिचा जन्म गेला. ती अडखळत म्हणाली, "लेकीला न्हाऊ घालायचंय."

तेव्हापासून बघतोय. उताणी पडून दोन्ही हातांत काठी धरते आणि डोक्याकडे नेते. भिंतीवर बोटं चढवते. मांडवाच्या लोखंडी अँगलवरून मी दोरी टाकून दिली. डावा हात ओढतो, उजवा वर जातो. डोळ्यांत पाणी येतं, पण "आज राहू दे" म्हटलं की माझ्यावरच चिडते. मी पैलवान बघितलेत, पोरी. ही जिद्द नाही बघितली. परवा मांडवातला एक घड तिनं स्वतः वर हात करून विरळला आणि माझ्याकडे बघून अशी हसली की मी कात्री तशीच धरून उभा राहिलो.

इथवर लिहिलं आणि ती मागे येऊन उभी. सगळं वाचलं. "सांगितलंच ना शेवटी?" मला वाटलं, कागद फाडते. तिनं पेन मागितलं.

तुझे अण्णा

चैते, अण्णा लय लिहितात. खांदा अजून पुरता वर जात नाय, जाईल. मी आता बोबडं बोलते, हसायचं नाय. हे मिळालं की फोन कर. मी उचलते.

तुझी आई