दादाची पित्तनळी

४ मार्च
परतफिरेंनी आजही पेशंट तसाच परत पाठवला! पित्ताशयाचा कॅन्सर. बेंबीपाशी एक भोक, आत कॅमेरा, इकडे बघ, तिकडे बघ — "पसरलाय. बंद करा." झालं ऑपरेशन! एवढंच करायचं होतं तर सर्जन कशाला झालात? फोटोचं दुकान टाकायचं!
सगळा वॉर्ड त्यांना मागून परतफिरे म्हणतो. नाव मी ठेवलंय.

५ मार्च
आमच्या विभागप्रमुखांचं, म्हणजे महाराजांचं, परिषदेत भाषण. ऑपरेशननंतर महिन्याभरातले मृत्यू जवळजवळ नाहीत — टाळ्या! महिन्यानंतर काय होतं, ते कुणी विचारलं नाही. विचारणार कोण? सगळे एकाच माळेचे मणी. तरी महाराज परवडले. निदान सुरी तरी चालवतात.

९ मार्च
दादा आला. डोळे पिवळेधमक. वहिनी म्हणते, "भावोजी, कधीपासून अंग खाजवतायत, पण तोंड उघडतील तर शपथ!" सख्खा भाऊ सर्जन, आणि हा शेजाऱ्याने दिलेल्या पुड्या खातोय. धन्य आहे!

१० मार्च
स्कॅन झाला. पित्तनळीत गाठ. यकृताच्या अगदी तोंडाशी.

१२ मार्च
घरच्या माणसावर आपण सुरी धरायची नाही, हा आमचा नियम. महाराज तयार आहेत. "अर्धं यकृत काढू, नळी काढू, भाऊ खणखणीत करून देतो!" डॉक्टरने असं ठणकावून बोलावं.
आणि आमचे बंधुराज? परतफिरेंना जाऊन भेटले!
"तो एकटाच खुर्ची ओढून बसला रे माझ्याजवळ. म्हणाला, सगळी निघण्यासारखी असेल तर काढीन, नसेल तर उगाच कापणार नाही. मला पटलं."
म्हटलं, "दादा, तो भित्रा आहे."
"तुला पोहता येत नसताना विहिरीत उडी मारायला निघाला होतास, तेव्हा तुला मागे ओढणारा मीही भित्राच होतो." वर हसतोय! डोळे हळदीसारखे, आणि हसतोय.

१३ मार्च
महाराज फुगून बसलेत. वहिनी नवऱ्याच्याच बाजूची. दोघांच्या अकलेची आरती ओवाळावी तेवढी थोडी.
मला भीती वाटतेय. लिहूनच टाकतो. गाठ मुळापासून निघाली तर दादा काही वर्षं जगेल. नाही निघाली तर पुढचा मार्च बघणं कठीण. आणि ती काढायची कुणी? जो पहिल्या खड्ड्यापाशी गाडी वळवतो त्याने!

१५ मार्च
वहिनी विचारत होती, "डॉक्टर चांगले आहेत ना हो?" म्हटलं, स्वभावाने फार चांगले आहेत. ती खूश झाली. कपाळ माझं!

१७ मार्च
उद्या ऑपरेशन. मी आत उभा राहणार, टेबलाला खेटून. म्हाताऱ्याला पळ काढू देणार नाही. नुसता खाकरला तरी सुनावीन. नोकरी गेली तर गेली.

१८ मार्च
कॅमेरा आत गेला. यकृतावर, पोटाच्या अस्तरावर — जिथे बघावं तिथे कॅन्सरचे पांढरे दाणे.
परतफिरेंनी कॅमेरा तिथेच धरून ठेवला. माझ्याकडे बघत थांबून राहिले.
मीच म्हणालो, "सर, बंद करा."