हातांसाठी हृदयाची गोळी

ती. अक्काच्या पायांवर धाकट्या योगराजचा गोडादऱ्याहून दंडवत. दाजींची तब्येत कशी आहे, म्हैस व्याली का, ते कळव. फोनवर तू नुसती रडतेस, मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहायला बसलो. माझं हृदय ठणठणीत आहे.

झालं असं, की मागावर तुटलेली तार, म्हणजे साडीचा धागा, सांधताना माझे हात थरथरू लागले. ज्याला तार सांधता येत नाही त्याला कारखान्यात गाठोडी उचलायला लावतात, म्हणून मी गुपचूप डॉक्टर गाठला. त्यांनी गोळी दिली. ती तुझ्या भावजयीला, चंचलला, खिशात सापडली आणि तिने औषधाच्या दुकानात जाऊन विचारलं. दुकानदार म्हणाला, "आ तो हार्टनी गोळी छे." घरी येऊन तिने "मनापाईन काय लपाडी राह्यनात?" एवढंच विचारलं आणि माझ्या ताटातलं मीठ बंद केलं. दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली नारळपाणी घेऊन हजर. भेस्तानचा धर्मेंद्र (आपला मावसभाऊ, आमच्या मुलीच्या बारशालाही न आलेला) उशाशी बसून डोळे पुसत होता. मीही लगेच खुलासा केला नाही, कारण गॅसची टाकी वर चढवायचं टळलं होतं. आणि खरं सांगू, आपल्यासाठी कोणी रडतंय हे बघून बरंही वाटलं.

शेवटी चंचल मला घेऊन डॉक्टरांवर धावून गेली. ते म्हणाले, गोळी हृदयासाठीच निघाली होती. पुढे लक्षात आलं की तिने हातांची थरथरही कमी होते. मी विचार करत बसलो. मी तरी कुठे मागासाठी जन्मलो होतो? कापूस वेचण्यात वाढलेला माणूस इथे साड्या विणतो. आता तार सांधली जाते, पहिल्यासारखी नाही, पण जाते.

तुझा,
योगराज

ता. क. आमच्या मयुरीच्या हळदीला गुडघ्यांमुळे येत नाही, असं कळवलंस. अक्का, मागच्या खेपेला तू चहा आत नेऊन एकटीच प्यायलीस, ते मी पाहिलंय. चारचौघांत हात हलतात म्हणूनच ना? माझी गोळी पाठवत नाही. देण्याआधी डॉक्टरांनी मला दम्याचं विचारलं होतं, तुलाही तपासूनच देतील. लवकर ये. हळद आत्याच्याच हाताने लागेल, थरथरला तरी.

आणखी एक ता. क. घरात असं कोणाला होतं का, हेही डॉक्टरांनी विचारलं. मी आपल्या दादांचं सांगितलं. हात हलायचे म्हणून गाव आपल्या वडिलांना दारुडा म्हणायचं. त्यांनी थेंबही घेतला नव्हता, पण आईने शपथा घेऊनही कोणाला पटलं नाही. ही गोळी तेव्हाही मिळायची, असं डॉक्टर म्हणाले.