बाबांना त्यांचंच शहर दाखवलं, त्याची हकीकत

स्प्लिट, ३ जानेवारी

ती. नेवेंकाताईस,

याकशाचा सप्रेम नमस्कार. नवीन वर्ष तुम्हा सर्वांना सुखाचं जावो. भाऊजींची पाठ आता कशी आहे? झाग्रेबचं धुकं उठलं का? तू पाठवलेला स्वेटर पोचला. बाबांनी तो घातला, आरशात पाहिलं, आणि 'यात मी माझ्याच जावयासारखा दिसतो' म्हणून काढून ठेवला. (हे लिहावं की नाही यावर मी बराच विचार केला. पण तू विचारणारच, आणि मला खोटं सांगता येत नाही.)

माझ्या प्रकृतीचं म्हणशील तर हे पत्र मी अंथरुणातून लिहितो आहे. अंगात ताप आहे, घसा बसला आहे. बाबा ठणठणीत आहेत, आत्ता स्वयंपाकघरात शीळ घालत मासे साफ करताहेत. आजारी पडायला हवं होतं कुणी आणि पडलं कोण, याचा खुलासा करणं मला भाग आहे.

तुझा बेत असा होता: नाताळच्या सुट्टीत मी बाबांना शहर नीट हिंडवून दाखवायचं, त्यांचं मन भरलं की सहा तारखेला, तीन राजांच्या सणाला, तू गाडी घेऊन येणार आणि त्यांना कायमचं झाग्रेबला नेणार. आई गेल्यापासून या घरात आम्ही दोघेच, आणि मी दिवसभर ग्रंथालयात, हे तुझं म्हणणं मला पटलं होतं. या प्रकरणात आपण तटस्थ राहू असा शब्द मी दिला होता, तो पाळला. 'जाऊ नका' हे शब्द माझ्या तोंडून एकदाही निघाले नाहीत. (जेवताना एकदा तुझ्या बेताचा विषय निघाला तेव्हा मी खोकलो. तो खोकला तटस्थ होता का, याचा मी अजून विचार करतो आहे.)

पण ताई, आपलं जुनं शहरच रोमन सम्राटाच्या राजवाड्याच्या भिंतींत वसलेलं; जो माणूस त्यातच जन्मला त्याला राजवाडा कसा दाखवायचा? जगाला आपल्या घराचं मोठं अप्रूप. आपल्याला त्याचं एवढंच की भिंतीत खिळा ठोकता येत नाही. तरी मी पुस्तकं वाचून तयारी केली आणि पहिल्या दिवशी बाबांना तळघरं बघायला घेऊन गेलो. ते दारातच अडले. 'माझ्याच घराखाली जायला तिकीट?' मी त्यांना हाताला धरून आत नेलं. आत एक गाईड बाई परदेशी पाहुण्यांच्या घोळक्याला काचेच्या कपाटातली खापरं दाखवत होत्या. बाबा घोळक्यातून वाट काढत पुढे गेले, काचेला नाक लावलं आणि म्हणाले, 'बाई, हे सम्राटाचं नाही. हे आमच्या आजीचं.'

'काय म्हणालात?'

'आमच्या स्वयंपाकघराच्या जमिनीला भोक होतं. माशाचे काटे, राख, फुटकी भांडी, सगळं तिथूनच खाली. हे अर्धं तळघर आमच्या घराने भरलं आणि अर्धं शेजारच्या श्पिरोच्या.'

बाई सभ्य होत्या. त्यांनी शांतपणे सांगितलं की ही खापरं सहाव्या शतकातली आहेत.

'आजी जुनीच होती,' बाबा म्हणाले.

पाहुण्यांनी खापरं सोडून बाबांचे फोटो काढले. मी बाईंची माफी मागितली. मग वाटलं, बापाबद्दल परक्याकडे माफी मागणं हा बापाचा अपमान झाला, म्हणून बाहेर आल्यावर बाबांची माफी मागितली. 'कशाबद्दल?' त्यांनी विचारलं. मी पुन्हा एकदा माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी बिशप ग्रेगरीचा पुतळा. त्याच्या पायाचा अंगठा चोळला की नशीब उघडतं म्हणून थंडीतसुद्धा रांग लागलेली. बाबा शेवटपर्यंत रांगेत उभे राहिले, आणि नंबर आल्यावर अंगठ्याकडे नुसतं बघून परत फिरले. 'माझाही अंगठा सहा महिने ठणकतोय, त्याला कुणी हात लावत नाही.' (हे तुला उद्देशून नव्हतं. मला होतं. मी तेव्हापासून रोज मलम लावतो.)

मग घंटाघराचा मनोरा. त्यावरून सगळं शहर, बंदर, समोरची बेटं, सगळं एका नजरेत दिसतं, आणि निरोप घ्यायला याहून योग्य जागा नाही, असं मी योजलं होतं. पण मनोऱ्याखालच्या चौकात बाबा पायरीवर टेकले. आता त्या पायऱ्यांवर कॅफेच्या उशा असतात. वेटर धावत आला. 'काका, उशीवर बसलात म्हणजे काहीतरी घ्यावं लागेल.' बाबांनी उशी उपसून त्याच्या हातात दिली. 'घे तुझी. मी माझी आणलीय.' तेवढ्यात श्पिरोकाका आले, ते बसले. मग मासळीबाजारातून आणखी कुणी आले, तेही बसले. कोणाचा नाताळचा सुका कॉड मासा किती दिवस भिजला आणि कुणाच्या सुनेने तो कसा बिघडवला, यावर सभा सुरू झाली. मी तिकिटं हातात धरून उभा. मनोरा बंद झाला. वरून काय दिसतं ते बाबांना मी घरी येताना तोंडी सांगितलं. 'माहीत आहे रे,' ते म्हणाले, 'खालूनही तेच दिसतं.'

अशी सुट्टी सरत गेली आणि मी खचत गेलो. त्यांचं मन भरत नव्हतं म्हणून मी निराश होतो, की भरेल या धास्तीने, हे मला ठरवता आलं नाही. एकतीस तारखेला मी हात टेकले आणि विचारलं, 'बाबा, तुम्हाला बघायचंय तरी काय?' ते म्हणाले, 'बघायचं काही नाही. उद्या बाच्वित्सेच्या किनाऱ्यावर पित्सिगिन खेळायचंय.'

(भाऊजींना वाचून दाखवशील तेव्हा सांग: घोट्याएवढ्या समुद्रात गोल करून उभं राहायचं, लहानसा चेंडू तळहाताने उडवत ठेवायचा, पाण्यात पडू द्यायचा नाही. गुण नाहीत, हारजीत नाही. चेंडूसाठी जो सगळ्यात देखणी उडी टाकतो त्याची वाहवा. आणि एक जानेवारीला खेळला नाही तर ते वर्ष धरत नाहीत.)

मी वयाची आठवण करून दिली. 'झाग्रेबला कशात उडी मारू? टबात?' मी टॉवेल शोधायला उठलो. तटस्थ माणसाने असल्या प्रश्नांत पडू नये.

एक तारखेला वाळूवर ही गर्दी, कुणीतरी अकॉर्डियन वाजवतंय, आणि पाण्यात आपली सगळी म्हातारी मंडळी चड्ड्यांवर. मी काठावर टॉवेल, थर्मास आणि औषधाची पिशवी घेऊन. श्पिरोकाका पाण्यातून ओरडले, 'याकशा, काळा कोट कसला घालून आलास? बापाला पोचवायला आलायस का?' सगळे हसले. बाबा सगळ्यात जोरात.

आणि ते खेळत होते, ताई. घरात खुर्चीतून उठताना टेबल धरणारा माणूस तिथे एका पायावर गिरकी घेत होता. मग चेंडू लांब गेला, बाबांनी त्याच्यामागे अंग झोकून दिलं, पाणी उडालं, लाट आली, आणि ते मला दिसेनात. पुढचं मी विचार करून केलेलं नाही, आणि विचार न करता केलेली माझी ही बहुधा एकमेव गोष्ट. मी कोट, बूट, चष्म्यासकट धावलो, पालथा पडलो, पाण्यात हाताला लागलेला म्हातारा काखेत धरला आणि 'बाबा! बाबा!' करत वाळूवर ओढून आणला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चष्मा पुसला तर ते श्पिरोकाका.

मागे बाबा उभे. हातात चेंडू. 'अरे, मी इकडे आहे. त्याला कुठे नेतोस?'

हा ताप त्याचा. तुझ्या सूचनेप्रमाणे शहर दाखवून झालेलं आहे. भाऊजींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद. सहा तारखेला घाटात बर्फ असेल तर सावकाश ये.

तुझा धाकटा भाऊ,
याकशा

ता. क. एक गोष्ट वर लिहायची राहिली. राहिली नाही, मी राहू दिली. काल रात्री मला सूप देताना बाबा म्हणाले, 'मी जातो नेवेंकाकडे.' मी तटस्थपणे कारण विचारलं. माझे बूट शेगडीजवळ वाळत होते, त्यांच्याकडे बघत ते म्हणाले, 'घोट्याएवढं पाणी होतं, याकशा. त्यात तू असा बुडत आलास. मी इथे राहिलो तर तू काही जगत नाहीस.' आज सकाळी त्यांनी कपाटावरची बॅग खाली काढली आहे.

दु. ता. क. ताई, तू नाही म्हण. मला म्हणता येत नाही, मी शब्द दिलाय. घरात जागा नाही म्हणून सांग. तुझ्याकडे दोन खोल्या रिकाम्या आहेत हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय, तेव्हा त्यांचा विश्वास बसणार नाही. पण ते मानतील, कारण निमित्त त्यांनाही हवं आहे असं मला वाटतं. (वाटतं म्हणजे, वाटावं अशी माझी इच्छा आहे. एरवी या दोहोंतला फरक मी नक्की केला असता. आज थर्मामीटर पाहिलं आणि सोडून दिलं.)