पेन्सिलवाली वहिनी

आसगाव (ता. पवनी),
९ ऑक्टोबर २०२३

आदरणीय रीनावहिनी यांना,
रत्नमालाचा सप्रेम जयभीम.

आम्ही इकडे बरे आहोत, तुम्हीही तिकडे पुण्यात बऱ्या असाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं म्हणजे मी मुळीच बरी नाही. गेल्या चार महिन्यांत मला इतके धक्के बसले आहेत की आता दारावर कुणी टकटक केलं तरी मी आधी खिडकीतून बघते. तुमचा गुडघा कसा आहे? (डावा. तो डावा आहे हे मला कसं कळलं ते पुढे येईलच. कृपया हे पत्र बसून वाचा.) अश्वजितदादाची तब्येत ठीक असेल. त्याला रागवायचं झालं तर पत्र पूर्ण वाचून मग रागवा, कारण अर्ध्यात रागावलात तर पुढच्या कारणांना राग उरणार नाही.

फोन न करता पत्र का, असं वाटेल. माझा फोन तुम्ही सहा वर्षांत उचललेला नाही आणि व्हॉट्सॲपवर नुसत्या निळ्या खुणा करता. पोस्टमन मात्र हातात देऊनच जाईल.

तर पहिली बातमी. जून महिन्यापासून तुम्ही ते हिरव्या पुठ्ठ्याचं, डोंगर-जंगलातल्या भटकंतीचं पुस्तक घरभर शोधता आहात असं दादा म्हणाला. ते हरवलेलं नाही. ते आमच्या गावात आहे. आत्ता या क्षणी ते सत्यभामाच्या घरी, धानाच्या ढोलीवर, खताच्या स्वच्छ धुतलेल्या पिशवीत आहे. दादानेच ते तुमच्या कपाटातून काढून मला पाठवलं. मी फक्त भटकंतीचं एखादं पुस्तक मागितलं होतं. तुम्हाला न विचारता पाठव असं मी म्हटलं नव्हतं. (विचारून पाठव असंही म्हटलं नव्हतं, हे कबूल.)

आता हे कसं घडलं ते सांगते. मे महिन्यात मी शाळेतून निवृत्त झाले. हार, शाल, भाषणं झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मी साडी नेसून, पर्स घेऊन दारात उभी. जायला जागाच नाही. आमचे हे म्हणाले, "आता आराम कर ना तू." तेहतीस वर्षं ज्या बाईचं ऐकून अख्खा वर्ग गप्प बसला तिने आता कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या! तेव्हा मी शेजारच्या चंद्रकुमारच्या सुनेला, टीनाला, हाताशी धरलं (ती पवनीला कम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवते) आणि एक ऑनलाइन वाचन मंडळ काढलं. नाव ‘मोकळी हवा’. जाहिरातीत झाड, पक्षी आणि खाली ओळ: रानावनाची, मोकळ्या हवेची आवड असणाऱ्या महिलांसाठी. दर रविवारी दुपारी एक वाजता, मोबाईलवर. माझी कल्पना अशी की पवनीच्या दोन-चार प्राध्यापिका येतील, भंडाऱ्याच्या एखाद्या डॉक्टरीणबाई येतील, चर्चा होईल, आणि अध्यक्षस्थानी कोण हे वेगळं सांगायला नको.

एकही प्राध्यापिका आली नाही. पहिला फोन आला सत्यभामाचा. ती माझ्याबरोबर चौथीपर्यंत होती. पुढे मी पवनीला शिकायला गेले आणि ती रोवण्यावर गेली. आता गावातली धान रोवणाऱ्या बायांची सगळ्यात मोठी टोळी तिच्या शब्दावर चालते. म्हणाली, "बाई, मले पण घ्या ना तुमच्या मंडळात. माझा त जलमच मोकळ्या हवेत चालला." याला नाही कसं म्हणायचं? घेतलं. सदस्य एकूण नऊ. मला नऊ पुष्कळ वाटले.

दुसऱ्या रविवारी टीना म्हणाली, सगळ्यांनी कॅमेरे चालू करा. वहिनी, सत्यभामाच्या चौकटीत मी जे पाहिलं त्याने माझ्या हातातला चष्माच पडला. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बांबू रोवलेला, त्याला प्लास्टिकच्या पिशवीत मोबाईल टांगलेला, आणि मागे चिखलात रांगेने वाकलेल्या तेवीस बाया. त्या पहिल्या दिवसापासून ऐकत होत्या. मी ज्यांना एक सदस्य समजून ‘सत्यभामाताईंनी मत मांडावं’ म्हणत होते, त्या एकूण चोवीस जणी होत्या. रांगेतून एकीने वर पाहून मला चिखलाचा हात हलवला. ती आनंदाबाई, वय बहात्तर.

बरं, ऐकत होत्या म्हणावं तर माझं वाचन त्यांना ऐकूच जात नव्हतं. माझ्याकडून रेंज नीट जात नाही असं सांगण्यात आलं. (टीनाचं म्हणणं, रेंज उत्तम होती, माझा आवाजच शाळा सुटल्याच्या घंटेनंतरचा आहे, कुणी ऐकत नाही असा. असो.) सत्यभामाने पुस्तक मागून नेलं, की दुपारच्या भाकरीच्या वेळी धुऱ्यावर बसून तीच वाचेल आणि आम्ही ऑनलाइनवाल्यांनी तिचं ऐकावं. चौथी पास बाई वाचणार आणि मी, निवृत्त मुख्याध्यापिका, घरात पंख्याखाली बसून ऐकणार! रविवारचा नियमही मोडला, आता रोज वाचन. मी स्थापन केलेलं मंडळ माझ्याच डोळ्यांदेखत शेतात निघून गेलं आणि मला जॉइन व्हायला लिंक पाठवू लागलं.

आता पुढचं नीट समजून घ्या, कारण सगळा घोटाळा इथे आहे. आपल्याकडे वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होतं ते तुम्हाला ठाऊक आहेच. आनंदाबाईंच्या घरी पोथी असते. दोन्हीकडे एकच शिस्त: बसायचं, ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही, आणि वाचणाऱ्याने एक अक्षरही गाळायचं नाही. या बायांच्या माहितीत पुस्तक वाचायची दुसरी रीतच नाही. मी विचारते, "लेखकाचा हा विचार पटतो का?" तर सगळ्या माझ्याकडे अशा पाहतात की मी विहारात चपला घालून शिरले. सत्यभामाने पहिल्या दिवशी प्रकाशकाचा पत्ता वाचला, छापखान्याचं नाव वाचलं, आवृत्ती वाचली. आणि पहिल्या पानावर निळ्या शाईत लिहिलेलं ‘सौ. रीना अश्वजित मेश्राम’ हेही, बोट ठेवून, मोठ्याने.

आणि वहिनी, तुम्ही समासात पेन्सिलीने लिहिता हे मला माहीत नव्हतं. दादालाही माहीत नसावं, नाहीतर त्याने हेच पुस्तक निवडलं नसतं.

पान अकरा, समासात: ‘डावा गुडघा!!’ सत्यभामाने ते छापील मजकुराच्या जोडीने वाचलं, दोन्ही उद्गारचिन्हं आवाजात दाखवून. बायांनी गंभीरपणे माना हलवल्या. पान चोवीस: ‘याने चढ कधी पाहिला का?’ त्यावर संपूर्ण टोळी हसली. पान छत्तीस: ‘हे अश्वजितला वाचून दाखवलं. झोपला.’ त्या दिवशी रोवणा अर्धा तास बंद होता. आता दादा गावात आला तर बाया त्याला उशी आणून देतील अशी परिस्थिती आहे. त्यानंतर लेखकाचं कोणी ऐकेना. पान उलटलं की आधी प्रश्न, "पेन्सिलवाली बाई काय म्हणते?" जिथे पेन्सिल नाही ते पान जरा उदास जायचं. रोवणा संपला, निंदण आलं, तरी वाचन चालूच. घरी बसणाऱ्या सुनाही आता धुऱ्यावर येऊ लागल्या. मोबाईलवर मी आणि टीना दोघीच उरलो, आणि मग टीनाही गेली.

आणि मग सप्टेंबरात आलं पान एकशे बारा. तिथे लेखक एका तळ्याच्या काठाने पहाटे चालतो. समासात तुमचं अक्षर, जरा बारीक: ‘आसगावच्या बोडीची पाळ. तेवढी एक चालायची राहिली. आता जाणं नाही.’

सत्यभामाने ते वाचलं आणि थांबली. तिने पुढची पानं उलटून पाहिली. पुढे कुठेच पेन्सिल नव्हती. तुम्ही पुस्तक तिथेच मिटलं होतं. मग आनंदाबाई म्हणाल्या, "मंग काहून नाही आली थे?" आणि वहिनी, तीस बायांनी एकाच वेळी मोबाईलकडे, म्हणजे माझ्याकडे, पाहिलं. मी लाल बटण दाबलं. पण आपलं घर शेतापासून हाकेच्या अंतरावर. दहा मिनिटांत सगळ्या अंगणात.

त्यांना उत्तर माहीत होतंच. २०१७ सालचा तो गुलाब गावात कोण विसरणार? तुम्ही चार दिवसांसाठी आला होता. पहाटे पांढरे बूट घालून, हातात पाण्याची बाटली घेऊन बोडीकडे, आपल्या गावतळ्याकडे, निघालात, तिच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, नुसतं चालायला. आपल्या गावात बाई पहाटे बोडीकडे जाते ती धुणं घेऊन, नाहीतर ढोरं घेऊन. नुसतं पाणी घेऊन जाण्याचं कारण एकच, आणि नेमकी त्याच आठवड्यात गुड मॉर्निंग पथकात माझी ड्यूटी. उघड्यावर जाणाऱ्याला गुलाब द्यायचा, ‘सुप्रभात’ म्हणायचं आणि घरचा संडास वापरायची विनंती करायची. तो गुलाब मी तुम्हाला पाळीवर चढताचढताच दिला. फोटो पेपरात आला: तुम्ही, गुलाब, आणि बाजूला मी, बत्तिशी दाखवत. आणि घरात संडास दोन, त्यातला एक दादानेच बांधून दिलेला. तुम्ही त्याच दुपारच्या गाडीने गेलात, आणि जाताना काही बोललाही नाहीत, याचाच मला जास्त धक्का बसला होता.

तर आजची स्थिती अशी. मंडळ तीन आठवडे पान एकशे बाराशी अडून बसलं आहे. मी सांगून पाहिलं की पुढे शंभर पानं आहेत, लेखक बिचारा वाट पाहतो आहे. सत्यभामा म्हणते, "पेन्सिलवाली थांबली त आपण पुढं कसं जावाचं? चालणाऱ्याले मागं सोडून जाते का कोणी?" तेहतीस वर्षांत माझ्या वर्गाने मला कधी असं अडवलं नव्हतं. तेव्हा विनंती इतकीच की पुस्तक एवढ्यात परत मागू नये, आणि पुढच्या पानांवर तुम्हाला काय म्हणायचं आहे ते एका कागदावर लिहून पाठवावं, म्हणजे सत्यभामा योग्य त्या ठिकाणी वाचेल.

मोठ्यांना जयभीम, लहानांना गोड पापा, आणि दादाला आता उठवा.

तुमची नणंद,
रत्नमाला

ता. क. – कागद पाठवू नका. ग्रंथाची समाप्ती ज्याने ग्रंथ दिला त्याला पुढे बसवून करतात, अशी इकडची रीत आहे, आणि बायांच्या लेखी ग्रंथ तुम्ही दिलेला आहे. (दादाने चोरला हे मी सांगितलेलं नाही.) अश्विन पौर्णिमेला विहारातली समाप्ती, आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी २९ तारखेला, तुमच्यासमोर उरलेली पानं वाचायला सुरुवात. जेवण आमच्या अंगणात. मी दहा-बारा पानं वाढायची म्हणत होते, सत्यभामाने दीडशे सांगून ठेवली आहेत. खुर्ची ठेवली आहे, तुमचं नाव फलकावर लिहून झालं आहे, आणि त्यात ‘पेन्सिलवाल्या’ हा शब्द आहे, तो मला खोडू दिला नाही. भंडारा रोडला उतरा. आमचे हे गाडी घेऊन उभे राहतील.

ता. क. २ – एक गोष्ट मी बायांना सांगितली नाही, यांनाही नाही. त्या दिवशी मी तुम्हाला लांबूनच ओळखलं होतं, पांढऱ्या बुटांवरून. पथकाला दुसरीकडे वळवता आलं असतं. मी त्या पाळीच्या कडेने रोज शाळेत जायची आणि एकदाही पाळीवर चढले नव्हते, कारण काम नव्हतं. तुम्ही काम नसताना चढलात, आणि इतक्या आनंदात. मला त्याचा राग आला, वहिनी. गुलाब चुकून दिला नव्हता. मला माफ करा.

ता. क. ३ – रविवारी सकाळी सहा वाजता सगळ्या जणी आधी पाळीवर चालणार आहोत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, काही काम नसताना. आनंदाबाईसुद्धा. पुढची जागा तुमची. येताना पाण्याची बाटली जरूर आणा. आम्ही चाळीस जणी हातात बाटल्या घेऊनच निघणार आहोत.