फक्कीतलं घर

६ जानेवारी
प्लॉटवर जाऊन आलो. निडी स्टेशनपासून थोडं आत. रस्ता वर आणि आमची जमीन खाली घसरत गेलेली. हे म्हणतात, भराव टाकून सपाट करू, सगळं घर एका पातळीवर. कंत्राटदार इक्बालभाई हसले. "साहेब, अर्धा डोंगर आणून टाकावा लागंल." मी लगेच इक्बालभाईंच्या पार्टीत. वर हॉल नि माझं स्वयंपाकघर, चार पायऱ्या उतरून खाली एक खोली.
खालची खोली कुणाला, ते मी बोलले नाही.

८ जाने.
पेणहून अक्कांचा फोन, म्हणजे आमच्या नणंदबाईंचा. त्यांची बिल्डिंग पाडणार ही कुणकुण होतीच, आता पक्कं झालं, पुढच्या वर्षी. मुलगा दुबईला बोलावतो, ह्या जायच्या नाहीत. ह्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. "आमच्याकडे ये. नवीन घर तुझंच समज."
तुझंच समज! अजून पायाचा खड्डा नाही.
अक्का वाईट नाहीत. पण अष्टमी गावातल्या आमच्या भाड्याच्या जागेत आल्या की पहिल्यांदा मिठाची बरणी हलवतात. मग मी दोन दिवस मीठ शोधते. म्हणून त्यांची खोली खाली नि मध्ये पायऱ्या. त्यांचे गुडघे दुखतात.
(हे पान ह्यांनी वाचू नये.)

१२ जाने.
इक्बालभाईंच्या माणसांनी जमिनीवर फक्की मारून अख्खं घर आखून दिलं. पांढऱ्या रेघा, खरं माप. मी माझ्या स्वयंपाकघरात उगीचच बराच वेळ उभी राहिले. हे फोनवर बोलत बोलत संडासात शिरले, हाक मारून बाहेर काढलं.
अक्का बघायला आल्या, पापड घेऊन. दार सोडून थेट बाथरूमच्या भिंतीतून आत! म्हटलं, "अक्का, दार तिकडे." "भिंत हाय कुठं अजून?" मग ओट्याची रेघ पायाने पुसली. "इथं नको गो मीना, खिडकीखाली घे. उजेड येल."
बरोबर होतं. त्याचाच जास्त राग आला.

१५ जाने.
"पुढल्या वर्षीचं हळदीकुंकू स्वतःच्या घरात" असं किती वर्षं सांगत आले, बायका आता हसतात. यंदा फक्कीतच करणार. हे म्हणाले, वेड लागलंय तुला. लागू दे.

२० जाने.
झालं! बायकांनी दाराच्या रेघेबाहेर आपणहून चपला काढल्या. हॉलमध्ये सतरंजी. सगळ्या टाचा रोवून बसलेल्या, तरी सतरंजीसकट हळूहळू स्वयंपाकघराकडे.
अक्का आल्या होत्या, पण वर येईनात. खालच्या खोलीत खुर्ची टाकून बसल्या, पाठ आमच्याकडे. भावजी, म्हणजे अक्कांचे यजमान, गेल्यापासून हळदीकुंकवाला त्या अशाच कडेला बसतात. मी कधी बोलावलं नाही आणि त्यांनी कधी विचारलं नाही.
वाण म्हणून स्टीलच्या वाट्या. एक निसटली. हॉल, ओटा, पायऱ्या, सगळं ओलांडून थेट अक्कांच्या खुर्चीपाशी. त्यांनी उचलली, पदराने पुसली. "माझ्या खोलीत आली, माझी झाली."
सगळ्या हसल्या. मला हसू येईना. करंडा घेऊन खाली उतरले. "मला कशाला गो?" म्हणाल्या. मी लावलंच. हातावर तिळगूळ ठेवला, तो त्यांनी तोंडात टाकला. मग अक्का म्हणाल्या, "तिळगुळात वेलची कमी हाय."

२१ जाने.
रात्रभर विचार केला. इक्बालभाईंना फोन: पायऱ्या रद्द, अक्कांची खोली वर, स्वयंपाकघराशेजारी. जागा कमी पडली तर हॉल लहान करा.
संध्याकाळी अक्कांचा फोन. ह्यांच्याकडून कळलं म्हणे. चिडलेल्या, फोन स्पीकरवर टाकला! "माझी खोली कुणी हलवली? मला खालीच हवी. आनि माझा ओटा वेगळा."
हे हादरले. "बहिणीला वेगळी चूल? लोक काय म्हणतील?" अक्का म्हणाल्या, "लोक बाहेर रेघेपलीकडं."
"पण अक्का, तुमचे गुडघे?"
"मीना, पायऱ्या हव्यातच गो. तुझ्या मिठाच्या बरणीला मी हात लावल्याबिगर ऱ्हायची नाय."
म्हणजे ठाऊक होतं. सगळं. इतकी वर्षं.
फोन ठेवल्यावर मी एकटीच हसत बसले. मला अक्का हव्या आहेत. लिहून ठेवते, बोलणार नाही.

२ फेब्रु.
इक्बालभाईंनी नवीन रेघा मारल्या. खाली अक्कांचा ओटा, वर माझा. अक्का पेणहून आल्या, खूश. मी वर रस्त्यावर चहा आणायला गेले. परत आले तर माझं स्वयंपाकघर हातभर लहान आणि अक्कांच्या हाताला फक्की.
"वारा आला गो," म्हणाल्या.
चहा दिला. फक्कीची गोणी अजून प्लॉटवरच आहे. सकाळी लवकर जाते.