गाळलेली ओळ

सोलापूर,
सोमवार, २३ मार्च २०२६

चि. मुकुंद यास,
अक्काचा सप्रेम सलाम.

तू आणि इंद्रायणी बरे असाल. माझं ठीक चाललं आहे. ऊन आत्ताच एवढं तापलंय की दुपारी नळाचं पाणी हाताला चटका देतं. गुडघ्याचं दुखणं होतं तसंच आहे. शेंगाचटणी केली होती, तुमची बरणी वेगळी काढून ठेवली आहे.

एकाच गावात राहून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर मी काही बोलायला लागले की तू प्रार्थना सुरू करतोस, आणि मग मला डोळे मिटून गप्प बसावं लागतं. पत्रात तुला तसं करता येणार नाही.

आधी काल चर्चमध्ये झालं त्याविषयी. लोकांना वाटलं असेल, प्रेमलाबाईंचं डोकं फिरलं. तसं काही नाही. सगळ्यांबरोबर विश्वासांगीकार म्हणताना मी पडद्यावरच्या ओळींकडे बघतच नाही. बाबांनी तो लहानपणीच पाठ करून घेतलाय, तोंड आपोआप चालतं. ख्रिस्ताचं मरण, दफन, इथपर्यंत सगळे बरोबर होते. मग मी ‘अधोलोकात उतरला’ म्हटलं आणि माझ्या एकटीचाच आवाज आला. बाकीचे ‘तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला’वर पोचले होते. पुढच्या बाकावरच्या दोघी वळून बघायला लागल्या, तेव्हा मी पडद्याकडे पाहिलं. ती ओळच नव्हती.

बाहेर पडताना तू माझा हात धरून हळूच म्हणालास, “अक्का, तुझ्यासाठीच काढायला लावली ती ओळ. दर रविवारी तिथं तुझा आवाज अडकतो. मला पुलपिटपर्यंत ऐकू येतं.”

तू मायेनंच केलंस, म्हणून तिथं वाद घातला नाही, इथं लिहिते.

शेजारची श्रीदेवी परवा कडक भाकरी घेऊन आली होती. माझा मुलगा जाऊन चार महिने झाले, पण त्याचं नाव घेऊन माझ्याशी बोलणारी ती एकटीच. तिनं सरळ विचारलं, “अक्का, आमच्यात परत जन्माला येतंय म्हणतेत. तुमच्यात कसं? सुबोधला कुटं ठिवलं असंल हो?”

मी म्हटलं, “चहा घेणार का?”

“घेते की. पन सांगा.”

मी पाळकाची मुलगी, पाळकाची बहीण. चहात साखर दोनदा पडली. तो गोडमिट्ट चहा तिनं निमूट संपवला.

जानेवारीत तू देवाच्या प्रीतीवर उपदेश केलास. म्हणालास, देव कुणालाही नरकात लोटत नाही, माणूस आपल्या पायांनी जातो. मी तिसऱ्या बाकावर होते आणि तू सगळा वेळ उजवीकडच्या खिडकीकडे बघून बोलत होतास. मुकुंद, तुझं म्हणणं मला मान्य आहे. माणूस आपल्या पायांनी जातो. चपला काढून जातो.

हे मी अजून कुणाजवळ बोलले नव्हते. मळ्यातल्या त्या विहिरीच्या काठावर सुबोधच्या चपला जोडीनं ठेवलेल्या होत्या, घरात दारामागं ठेवायचा तशा. तू त्या उचलून गाडीच्या डिकीत टाकल्यास. मी रिक्षातून उतरत होते, मला दिसलं. मग अग्निशामक दलाचा एक जण दोर बांधून खाली उतरला आणि तू वर काठावर प्रार्थना करत राहिलास. सगळ्यांना तू सांगितलंस, पाय घसरला. मीही तेच सांगत आले. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण दफनाच्या वेळी तू ‘मातीला माती’ म्हटलंस आणि त्यापुढचं गाळलंस. ‘पुनरुत्थानाच्या खात्रीच्या आणि निश्चित आशेने’ हे म्हणायचं असतं. तू थेट आमेनवर आलास. बाबांच्या कितीतरी दफनविधींना आपण दोघं पुस्तक धरून उभे राहिलो होतो. मला कळणार नाही, असं वाटलं तुला? ज्यानं स्वतःहून जीव दिला त्याच्यासाठी ती आशा बोलून दाखवायला तू धजला नाहीस. लोकांसमोर तुझ्या तोंडून ‘पाय घसरला’ निघालं. देवासमोर निघालं नाही.

तेव्हापासून मला एकच विचारायचंय. माणूस स्वतःच्या पायांनी गेला. बरं, गेला. त्यानंतर देव काय करतो? काठावर उभा राहतो? तसाच उभा राहणार असेल, तर तू त्याला प्रीती कशाच्या जोरावर म्हणतोस?

वैरागला असताना शेजारच्या रावजींची शेळी कोरड्या विहिरीत पडली होती, आठवतं? तू सहा-सात वर्षांचा असशील. सगळे वरून सांगत होते, मेली ती, राहू द्या. रावजी कमरेला दोर बांधायला लागले. बाबा म्हणाले, “अहो, मेलेल्या शेळीपायी जीव कशाला धोक्यात घालता?” तर ते म्हणाले, “मेली म्हनून काय झालं? आमचीच हाय की. तितं कशी ठिवायची?” आणि तिला खांद्यावर टाकून वर आले. संध्याकाळी घरात विश्वासांगीकार चालू असताना तू मोठ्यांदा म्हणालास, “रावजीकाका अधोलोकात उतरले.” आईनं तुला चापट दिली. बाबा मात्र हसून हसून खोकायला लागले.

त्या ओळीपाशी माझा आवाज अडकत नाही रे. मी तिथं थांबते. बाकीचे लगेच तिसऱ्या दिवशी वर येतात, मला तेवढी घाई होत नाही. ख्रिस्त अजून खाली आहे, तोवर सुबोधला शोधत असेल, असं वाटतं. मी चर्चला त्या एका ओळीसाठी येते, मुकुंद. बाकीच्या ओळी वरच्या माणसांच्या आहेत.

सुबोध त्याला सापडला का, मला माहीत नाही. सापडला तर यायला तयार झाला का, तेही माहीत नाही. लहानपणी अंथरुणातून उठवायला सुद्धा दहा हाका माराव्या लागायच्या त्याला. मी तुझ्याकडे स्वर्गाची खात्री मागत नाही. खाली उतरणारा कुणीतरी आहे, एवढं पडद्यावर राहू दे.

उत्तम शुक्रवार आणि ईस्टरच्या मधल्या शनिवारी चर्चमध्ये काही नसतं. त्या सकाळी ऊन चढायच्या आत दफनभूमीत ये. पाळकाचा झगा नको, माणसं नकोत. बाबांचं पुस्तक आण आणि राहिलेले शब्द सुबोधला वाचून दाखव. तुला खात्री नसेल, तरी वाच. मलाही नाही. आणि त्याच्या चपला अजून डिकीत असतील तर त्याही घेऊन ये.

आपल्या घरात पत्राच्या शेवटी ‘प्रभूमध्ये तुझी’ असं लिहितात. आज पेन तिथं थांबलं. त्या शब्दापुरती जागा सोडली आहे. येताना हे पत्र बरोबर आण. तू सुबोधला ते शब्द वाचून दाखवलेस, तर तिथंच बसून लिहीन.

. . . . . . . . तुझी
अक्का