महाराणी, कुबड्या आणि आमचं एकुलतं एक बाथरूम

ती. मावशीस आणि काकांना,

तुम्हा दोघांना अगदी वाकून नमस्कार. (खरोखर वाकलेलाच आहे. परवा बाथरूममध्ये एक जड कुंडी उचलताना कंबरेत उसण भरली, तेव्हापासून सगळ्यांनाच वाकून नमस्कार घडतो आहे. त्यातला तुमचा मात्र मनापासूनचा आहे.) तुझा गुडघा काय म्हणतो? मागे डावा दुखत होता की उजवा, हे नक्की आठवत नाही, म्हणून दोघांचीही विचारपूस करून ठेवतो. काकांची तब्येत उत्तम असणार, कारण फोनवर त्यांचा आवाज खणखणीत येतो. फक्त ते फोन उचलतात, "बरं बरं, ठीक आहे" म्हणतात आणि ठेवून देतात. मागच्या खेपेला मी नुसतं "हॅलो" म्हटलं होतं, एवढ्यावरच त्यांचं समाधान झालं. म्हणून हे पत्र. पत्राला तसं खास कारण काहीच नाही. आपल्या माणसांची आठवण यायला कारण कशाला लागतं?

इकडे सर्व ठीक. मी अजून दातच करतो आहे. डॉक्टर लोक तोंडात बघतात, साचे माझ्याकडे पाठवतात आणि मी खोलीत बसून लोकांच्या हसण्याची सोय करतो. सौ. विम्याच्या ऑफिसात जाते आणि घरी आली की माझ्याकडे अशी बघते, जणू एखादा नुकसानभरपाईचा अर्ज समोर आला आहे. लेक महिनाअखेरीला बाळाला घेऊन राहायला येते आहे. नातीचा फोटो पाहिलास ना? अजून एकही दात नाही, पण जबडा फार सुबक आहे. मी हे कौतुकाने म्हटलं तर लेक दोन दिवस बोलली नाही.

आता मूळ गोष्ट. (मूळ म्हणजे ओघात आलेली. कारण नाही हे वर सांगितलंच आहे.) माझ्या घटपर्णी तुला आठवत असतील. पानाच्या टोकाला दोरीसारखा तंतू फुटतो, तंतूच्या टोकाला झाकणवाली सुरई लटकते, सुरईत पाणी, पाण्यात माशी, आणि माशीचं पुढे जे व्हायचं ते होतं. तू पहिल्यांदा बघितलीस तेव्हा "शी, ही काय झाडाची रीत झाली" असं म्हणाली होतीस. या झाडांना नळाचं पाणी चालत नाही, खत चालत नाही, कोरडी हवा तर बिलकूल चालत नाही. आमच्या घरात कायम दमट अशी जागा एकच. त्यामुळे गेली काही वर्षं बाथरूममध्ये झाडं राहतात आणि आम्ही त्यांच्याकडे आंघोळीला जातो. टॉवेलच्या दांडीवर तीन कुंड्या, आरशासमोर दोन आणि खिडकीत महाराणी. महाराणी म्हणजे ती काळपट लाल पट्ट्यांच्या सुरयांची. दाढी करताना मला आरशात माझा निम्माच चेहरा दिसतो. उरलेला निम्मा मी अंदाजाने करतो, आणि डॉक्टर लोकांना वाटतं मी हल्ली टेन्शनमध्ये आहे.

खाली एक बसड्रायव्हर राहतात. तुमच्या गावाची गाडी तेच नेतात, मागे तुझ्यासाठी औषध त्यांच्याच हाती पाठवलं होतं. त्यांच्या छतातून थेंब थेंब पाणी गळायला लागलं. झाडांची हवा दमट राहावी म्हणून लावलेल्या माझ्या वाफेच्या यंत्राचा प्रताप. ते तावातावाने वर आले, थेट बाथरूममध्ये शिरले आणि मान वर करून "हे काय जंगल माजवलंय?" असं इतक्या जोरात ओरडले, की त्यांच्या पुढच्या चार दातांची पट्टी तोंडातून निघाली आणि महाराणीच्या सर्वांत मोठ्या सुरईत डुबकन पडली. पट्टी मीच केलेली होती. तारेचे आकडे जरा सैल झाले होते. ड्रायव्हरसाहेबांनी तोंडावर हात ठेवून हळूच विचारलं, "विरघळतील का हो?" मी म्हटलं, "माझ्या हातचं काम आहे, महाराणीला पचायचं नाही." चिमट्याने काढून, धुऊन, आकडे आवळून परत बसवून दिले. तेव्हापासून गळतीचा विषय निघालेला नाही. उलट ते येताजाता "बाईसाहेब कशा आहेत?" विचारतात, आणि सौ.ला वाटतं तिच्याबद्दलच विचारतात.

तर अशा या महाराणीला यंदा पहिल्यांदा फुलांचा दांडा आला. मावशी, आठ वर्षं मी तिला वाढवली. या जातीत नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं, आणि फूल उमलेपर्यंत कोण काय आहे हे सांगायची सोय नाही. महाराणी मादी निघाली. म्हणजे आता दुसऱ्या वाणाचा नर पाहिजे, त्याचे पराग पाहिजेत, आणि तेही दांड्यावरची फुलं संपायच्या आत. फुलं खालून वर उमलत जातात. वरची मिटली की कारभार आटोपला, पुढचा दांडा येईल तेव्हा येईल. त्यातच सौ.ने जाहीर केलं, की लेक आणि नात येणार म्हणून महिनाअखेरीला बाथरूम रिकामं हवं. बी धरलं तर फक्त महाराणी राहील. नाही धरलं तर तीही सगळ्यांबरोबर गॅलरीत जाईल. गॅलरीत दुपारभर ऊन आणि भट्टीसारखा वारा. तिथे गेली, की आठवडाभरात तिचा वाळला पाचोळा मी केरसुणीने भरणार, हे सौ.लाही ठाऊक आहे. तरी ती हे इतक्या शांतपणे म्हणाली, की वाद घालायला जागाच उरली नाही.

मग मी नराच्या शोधाला लागलो. बाजाराच्या टोकाला शोभेचे मासे विकणारा एक गृहस्थ आहे. त्याच्या टाक्यांच्या मध्ये एक ऐसपैस घटपर्णी लटकते, आणि तिलाही नेमका दांडा आलेला, कळ्या अजून मिटलेल्या. मी विचारलं, नर आहे का? तो म्हणाला, "शंभर टक्के नर." कशावरून? तर म्हणे आजवर एकदाही बी धरलेलं नाही. हा पुरावा मला त्या वेळी बिनतोड वाटला. (गरजवंत माणसाची अक्कल अशीच चालते.) हाच माणूस माशांच्या जोड्याही शंभर टक्के म्हणूनच विकतो. मी ते झाड मांडीवर घेऊन बसने घरी आणलं. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी सुरईत वाकून पाहिलं आणि आपली पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली.

पाहुणा बाथरूममध्ये बसवला. जागा नव्हती म्हणून साबण, शाम्पू आणि बादली बाहेर आली. सौ. आंघोळीला जाताना छत्री घेऊन जायला लागली, कारण पाहुण्याची एक सुरई बरोबर नळाच्या वर हिंदकळत होती. शेवटी एका सकाळी पाहुण्याच्या खालच्या कळ्या उमलल्या. मी सौ.चा पापण्यांवर रंग लावायचा ब्रश घेतला. (विचारून नाही.) बाथरूममध्ये वाफ, चष्म्यावर वाफ, पण उत्साह दांडगा. याच्यावरून ब्रश फिरव, तिच्यावर टेकव, पुन्हा याच्यावर, पुन्हा तिच्यावर, असा तासभर कार्यक्रम चालला. बाहेर सौ. ऑफिसच्या घाईत दार ठोठावते आहे, आणि आत मी ओरडतो आहे, "थांब, नाजूक वेळ आहे!" ऑफिसात तिने उशिराचं कारण काय सांगितलं, ते तिने मला अजून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी चष्मा पुसून, दात तपासायचं भिंग डोळ्याला लावून नीट पाहिलं. नराच्या फुलात मधोमध दांडीवर पिवळा गोळा असतो. पाहुण्याच्या फुलात हिरवी फुगीर गाठ होती. महाराणीच्या फुलात असते, तशीच. मी चरकलो. मग पानं ताडून पाहिली, दुकानाच्या अंधारात फिके पडलेले पट्टे ताडून पाहिले आणि शेवटी नजर खोडाला आधाराच्या काठीशी बांधलेल्या तारेवर गेली. ती तार साधी नव्हती. मावशी, तो कवळीचा आकडा होता! दाढेला धरून बसतो तसला, डावीकडे वळवलेला. झाडं कवळीच्या आकड्याने बांधणारा माणूस या दुनियेत एकच, आणि तो तुझा भाचा. मग उलगडा झाला. फार पूर्वी सौ.च्या ऑफिसातल्या एका बाईंना मी महाराणीची फांदी लावून दिली होती. त्यांना तिच्या माशा खाण्याची किळस आली, म्हणून त्यांनी ती मासेवाल्याकडे सोडली. म्हणजे मी ज्याला नर समजून मांडीवर बसवून आणला, ती महाराणीच होती. तासभर ब्रश घेऊन मी महाराणीची महाराणीशीच गाठ घालून देत होतो. हे सौ.ला सांगितलं तेव्हा ती प्रथम हसली नाही. मग स्वयंपाकघरात गेली आणि तिथून भांडी पडल्यासारखा आवाज आला. ती ओट्याला धरून हसत होती.

तुला एक विचारू? हसू नकोस. दिवसभर माझ्यासमोर लोकांच्या जबड्यांचे साचे असतात. साच्यात जसं असेल तसंच मी करायचं. एक केसभर इकडेतिकडे झालं की माणूस तक्रार घेऊन हजर. आणि हे बी म्हणजे केसासारखं बारीक, शिंक आली तर उडून जाईल इतकं हलकं. पण त्यातून काय उगवेल हे कुणालाच माहीत नसतं. पट्टे येतील की ठिपके, सुरई उंच होईल की बुटकी, देव जाणे. जगात कुणीच न पाहिलेलं काहीतरी आमच्या बाथरूममध्ये, साबणाच्या शेजारी उगवू शकतं. ही गोष्ट मला फार मोठी वाटते. रंग खरा दिसेपर्यंत वर्षं जातात, म्हणजे तोवर नात शाळेत जायला लागेल आणि मी कदाचित माझीच कवळी करायला घेईन. पण तिचा हात धरून "हे बघ, हे आपल्या घरात झालं" असं म्हणायची मला फार इच्छा आहे. असो. महाराणीच्या दांड्यावर आता शेंड्याच्या थोड्याच कळ्या उरल्या आहेत.

पत्र लांबलं. काकांना नमस्कार वाचून दाखव, मोठ्याने. गुडघ्यांना जप. तुझ्या गॅलरीतली कुंडी बरी आहे ना? सहज विचारलं.

तुझा,
दातवाला भाचा

ता. क. सहज विचारलेलं नाही. तुला आठवतं, मागे एकदा तू आली होतीस आणि मी एक वाकडं, मरतुकडं रोपटं कचऱ्यात टाकत होतो? "याने तुझं काय वाकडं केलंय?" असं म्हणून तू ते उचललंस, त्याचं नाव कुबड्या ठेवलंस आणि घरी नेऊन एसीच्या नळीखाली टांगलंस. मी तुला तेव्हा हसलो होतो. पण त्या नळीतून ठिबकतं तसं निखळ पाणी मिळावं म्हणून मी इथे पाणी शुद्ध करायचं वेगळं यंत्र लावून बसलो आहे, आणि कुबड्याला ते आपोआप मिळत राहिलं. तो वेगळ्याच वाणाचा आहे, बियापासून आलेला, कुणाची फांदी नव्हे. आज सकाळी ड्रायव्हरसाहेब आकडे आवळायला आले आणि तोंड उघडं ठेवूनच निरोप सांगून गेले, की तुमच्या मावशी विचारत होत्या, त्या वाकड्या झाडाच्या दांड्यातून काकांच्या शर्टांवर पिवळी पूड पडते, डाग निघत नाहीत, तर दांडा कापून टाकू का? मावशी, कापू नकोस! ती पूड म्हणजेच पराग. कुबड्या नर आहे!

ता. क. २. काकांचा मळलेला शर्ट धुऊ नये. झटकूही नये. जमल्यास आहे तसा घडी करून, कोरड्या कागदात गुंडाळून ड्रायव्हरसाहेबांच्या हाती द्यावा. ते हे पत्र घेऊन येतील आणि दुसऱ्या सकाळी परत निघतील. शर्टाच्या बदल्यात काकांना नवीन कवळी, मापाप्रमाणे.

ता. क. ३. मावशी, नमस्कार. ह्या ओळी मी लिहिते आहे. हे खाली ड्रायव्हरसाहेबांचे दात बघायला गेलेत, तेवढ्यात पाकीट उघडलं. शर्टाबिर्टाचं काही ऐकू नका, शर्टावरच्या पुडीत काय जीव उरला असेल? कुंडीच घेऊन या. ड्रायव्हरसाहेबांना मी पुढच्या दोन सीट तुम्हा दोघांसाठी आणि खिडकीजवळची एक कुबड्यासाठी धरायला सांगितल्या आहेत. गॅलरीचं मी म्हटलं होतं ते खरं, पण धाक असला की ह्यांचे हात नीट चालतात, म्हणून. लेकीला मी केव्हाच कळवलंय, की बाळाची आंघोळ आमच्या खोलीत, टबात होईल. हे कामाला बसले की रोज मीच महाराणीवर पाणी फवारते, आणि शेंड्याच्या चार कळ्या अजून मिटलेल्या आहेत, आत्ताच मोजून आले. ब्रशही धुऊन ठेवलाय. तेव्हा लगेच निघा. बाथरूम एकच आहे, पण रांग लावू. तुमचा नंबर महाराणीनंतर, बाळाच्या बरोबरीने.